अब्बांची डायरी आणि भाचीचे ओळखपत्र

आंबिया बहाराची संत्री उतरून झाली होती. शेंदूरजनाघाटच्या रस्त्यांवरून मालाच्या गाड्या जाणे कमी झाले होते आणि गावात हिशोबाचे दिवस सुरू झाले होते. फेब्रुवारीच्या शेवटी एक दिवस आमच्या शेजारचे बागवाले काका अब्बांकडे आले. हातात बँकेने परत केलेला चेक. त्यांनी बाग ज्या व्यापाऱ्याला दिली होती, त्याने दोन लाख चाळीस हजारांचा ५ जानेवारीचा चेक दिला होता. १० जानेवारीलाच बँकेने खात्यात पैसे नसल्याची चिठ्ठी लावून तो परत केला.

"मुन्शीजी, व्यापारी म्हणे उद्या टाकतो, परवा टाकतो. दीड महिना झाला. आता कसं करा लागते?"

आमचे अब्बा अडतीस वर्षे एका वकीलसाहेबांचे मुन्शी होते. गावात त्यांना आजही सगळे मुन्शीजीच म्हणतात. अब्बांनी चष्मा लावला, चेक उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "नोटीस द्यायची तीस दिवसांची मुदत गेली. पण घाबरू नका. चेक सहा महिने चालतो. जूनपर्यंत केव्हाही पुन्हा बँकेत टाका, परत आला की नव्याने नोटीस देऊ. व्यापाऱ्याला थोडा वेळ द्या."

आतून आमची भाची पाण्याचा तांब्या घेऊन येत होती. ती दारातच थांबली. "नाना, सहा महिने पूर्वी होते. १ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत तीन महिने झाली आहे. हा चेक ५ एप्रिलच्या आत टाकावा लागेल."

अब्बा गप्प झाले. त्यांना राग आला नव्हता. ते बोटांवर वर्षे मोजत होते. काकांनी जूनपर्यंत वाट पाहिली असती, तर चेकवरून फौजदारी फिर्याद करण्याचा रस्ता बंद झाला असता आणि हाती राहिला असता तो दिवाणी दावा. तेवढी बाग वर्षभर राखून, पाणी देऊन, त्याचे पैसे निव्वळ एका जुन्या आठवणीवर बुडाले असते.

चेक पुढच्याच आठवड्यात पुन्हा टाकला. तो पुन्हा परत आला. भाचीने काकांना वरूडला वकिलांकडे नेले, कारण नोटीस देणे हे वकिलाचे काम, तिचे नव्हे. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत व्यापाऱ्याने निम्मी रक्कम आणून दिली. बाकीच्या रकमेसाठी पुढच्या एक महिन्याच्या आत फिर्याद दाखल झाली.

त्या रात्री अब्बांनी भाचीला विचारले, "हे तुला कोणी सांगितलं?"

ती म्हणाली, "मीटिंगमध्ये कळलं, नाना. आमच्यातल्या एकीकडे असंच प्रकरण आलं होतं. तिची मुदत हुकली होती. तिनंच सगळ्यांना सांगितलं, म्हणजे दुसऱ्याकडून चूक होऊ नये."

हे वाक्य आमच्या घरात बरेच दिवस घुमत राहिले. हा लेख त्यातूनच लिहावासा वाटला.

मुन्शीचा जुना पेशा

कोर्टकचेरीची भाषा आपल्या घरांना परकी नाही. वकील, अर्ज, दस्त, वारस, मुखत्यार, जामीन, तारीख, फैसला, हजर, तहसील हे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि इथलेच झाले. वऱ्हाड १८५३ साली इंग्रजांच्या कारभाराखाली जाण्याआधी निजामाच्या राज्यात होते. राज्य बदलले, तरी हे शब्द बदलले नाहीत. आजही विदर्भात तहसील कार्यालयाबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या माणसाला अर्जनवीसच म्हणतात. आणि व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद तर आपल्याला त्याहून जुनी आहे. कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२वी, उधारीचा व्यवहार लिहून घेणे, साक्षीदार ठेवणे आणि लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहिणे याविषयी आहे.

अब्बा याच परंपरेतले. तारखा लिहिण्याची त्यांची लाल कापडी पुठ्ठ्याची डायरी वकीलसाहेबांपेक्षा पक्षकारांना जास्त भरवशाची वाटे. नक्कल कुठून काढायची, तिकीट किती लावायचे, कोणत्या अर्जाला प्रतिज्ञापत्र लागते, हे त्यांना तोंडपाठ होते. पण या अडतीस वर्षांचा एकही कागद आमच्या घरी नाही. नेमणुकीचे पत्र नाही, फंड नाही, अनुभवाचा दाखला नाही. वकीलसाहेबांचा इंतकाल झाला, त्यांच्या मुलांनी दुसरा व्यवसाय धरला, ऑफिस बंद झाले आणि एका आठवड्यात अब्बा घरी बसले.

कारकुनांनी एकत्र यावे, संघटना करावी, असा विषय त्यांच्या काळातही निघाला होता. अब्बा गेले नाहीत. "वर्गणी कशाला? आपले वकीलसाहेब आहेत ना," असे त्यांचे म्हणणे. माणसावर विश्वास ठेवण्यात त्यांची काही चूक झाली असे आम्हाला वाटत नाही. पण माणूस जातो, संस्था मागे राहते. केरळमध्ये वकिलांच्या कारकुनांसाठी २००३ साली कल्याण निधीचा स्वतंत्र कायदा झाला. एकेकटा मुन्शी आपल्या वकीलसाहेबांकडे पगारवाढ मागू शकतो, कायदा मागू शकत नाही. त्यासाठी अनेकांनी मिळून मागावे लागते.

इंग्लंडचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. तिथेही सॉलिसिटरच्या ऑफिसात आपल्या मुन्शीसारखे कारकून असत. त्यांनी १८९२ साली आपली संघटना काढली. १९६३ मध्ये तिची रीतसर संस्था झाली. संस्था परीक्षा घेऊ लागली, सभासदांना दर्जा देऊ लागली. २०१२ मध्ये तिला राजसनद मिळाली. त्याआधी २०१० मध्येच या वाटेने आलेला एक सभासद न्यायाधीश झाला होता. अमेरिकेत पॅरालीगल लोकांच्या दोन मोठ्या राष्ट्रीय संघटना १९७४ आणि १९७५ साली उभ्या राहिल्या. तिथेही एकमेकांना शिकवणे, परीक्षा घेणे, आचारसंहिता पाळणे ही कामे आधी संघटनांनीच हाती घेतली.

विधी स्वयंसेवक म्हणजे कोण?

आपल्याकडे पॅरालीगल नावाचा ठरलेला सरकारी पेशा नाही. पण त्याच्या जवळचा एक दरवाजा आपल्या तालुक्यातच आहे. १९७६ सालच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ३९-अ हे कलम आले: पैशाअभावी कोणी न्यायापासून वंचित राहू नये. त्यासाठी १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. म्हणून ९ नोव्हेंबर हा विधी सेवा दिन. जिल्ह्याला जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण असते आणि तालुक्याला तालुका विधी सेवा समिती.

या समित्यांचा गावातला हात म्हणजे विधी स्वयंसेवक, म्हणजेच पॅरालीगल व्हॉलंटिअर. राष्ट्रीय प्राधिकरणाने २००९ मध्ये ही योजना आणली. शिक्षक, निवृत्त कर्मचारी, अंगणवाडी सेविका, बचत गटातल्या स्त्रिया, विद्यार्थी यांतून त्यांची निवड होते. साधारण दहावीपर्यंतचे शिक्षण असावे लागते. निवड झाल्यावर प्रशिक्षण आणि ओळखपत्र मिळते.

काम काय? कोणाला फुकट वकील मिळू शकतो हे सांगणे, अर्ज लिहून देणे, माणसाला समितीपर्यंत नेणे, हरवलेल्या मुलाच्या तक्रारीत पोलीस ठाण्यात मदत करणे, तुरुंगातल्या कैद्याची अडचण कळवणे, लोकअदालतीत तडजोड होऊ शकेल अशी प्रकरणे ओळखणे. लोकअदालतीत झालेला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी भाऊबंद बांधाच्या वादात वर्षानुवर्षे तारखा करतात.

आणखी एक गोष्ट आपल्या प्रत्येक घरात माहीत असायला हवी. या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. मुलांना, अपंगांना, कोठडीतल्या माणसांना, अनुसूचित जाती-जमातींनाही तो आहे. फोन करायचा तर क्रमांक १५१००.

आपाची नाराजी

भाचीने अर्ज भरला तेव्हा आपा नाराज होती. "मुलीची जात, पोलीस स्टेशनात जाणार, कोर्टाच्या आवारात उभी राहणार. उद्या रिश्ता आला तर लोक काय म्हणतील?" आम्हीही सुरुवातीला आपाच्याच बाजूने होतो, हे कबूल करायला हवे.

आपाचे मन पालटले ते मोहल्ल्यातल्या बायकांमुळे. पहिल्या दोन महिन्यांत आमच्या ओट्यावर सात-आठ जणी आल्या. बहुतेकींची अडचण एकच, नावाची. निकाहनाम्यावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, आधारवर तिसरे. कुठे बी गळालेले, कुठे बेगम जोडलेले, कुठे नवऱ्याचे नाव तर कुठे वडिलांचे. नवरा गेल्यावर वारसाच्या नोंदीला अर्ज केला की कागद परत येतो. एक बाई तर नवरा दोन वर्षांहून जास्त काळ खर्च देत नाही, म्हणून काय करावे हे विचारायला आली. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात दोन वर्षे पोटगी न देणे हे स्त्रीने न्यायालयातून फारकत मागण्याचे कारण धरले आहे, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. भाचीने तिला समितीच्या वकिलांकडे पाठवले. ती बाई जाताना आपाचे हात धरून बराच वेळ उभी राहिली. त्यानंतर आपाने रिश्त्याचा विषय काढला नाही.

आणि भाची एकटी जात नाही. पोलीस ठाण्यात जायचे असेल तर दोघी जातात. त्यांच्यातली एक अंगणवाडी सेविका, एक निवृत्त शिक्षिका. संघटनेचा पहिला फायदा हाच. जिथे एकट्या मुलीला आधी "कोणाची तू?" असे विचारतात, तिथे ओळखपत्र लावलेल्या दोघींना "काय काम आहे?" असे विचारतात.

संगतीतून पेशा

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. विधी स्वयंसेवकाला पगार नसतो. ज्या दिवशी काम नेमून दिले, त्या दिवसाचे मानधन मिळते, तेही राज्य प्राधिकरणाने ठरवलेले. त्यावर घर चालत नाही. पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, चहासुद्धा नाही असे भाची म्हणते. कोर्टात बाजू मांडायची नाही, कारण १९६१ च्या वकील कायद्याप्रमाणे ते काम वकिलाचे.

मग यात भविष्य काय? आमच्या पाहण्यात आले ते असे. पहिली गोष्ट ज्ञान. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे बदलले. बायको-मुलांच्या पोटगीचे जुने १२५ कलम आता नव्या संहितेत १४४ झाले. ४२० म्हणून सगळ्या गावाला माहीत असलेला फसवणुकीचा गुन्हा आता ३१८ मध्ये गेला. खटल्याची तारीख मोबाईलवर दिसते, त्यासाठी सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक लागतो. दावे ऑनलाईन दाखल होऊ लागले. हे सगळे एकट्याने घरी बसून कळत नाही. दर महिन्याच्या बैठकीत एकेकीने आपले एक प्रकरण मांडायचे, कुठे अडले, काय चुकले ते सांगायचे, ही सवयच खरी शाळा.

दुसरी गोष्ट ओळख. बैठकीचा अहवाल लिहिण्याचे काम कोणी घेत नव्हते, ते भाचीने घेतले. त्यामुळे वकिलांना, कर्मचाऱ्यांना तिचे नाव आणि अक्षर माहीत झाले. एका वकीलबाईंनी तिला अर्धवेळ कामाला बोलावले आणि अनुभवाचे पत्र लेखी देण्याचे कबूल केले. अब्बांना जे अडतीस वर्षांत मिळाले नाही, ते तिला पहिल्याच वर्षी मिळत आहे.

तिसरी गोष्ट पुढची पायरी. इग्नूचा पॅरालीगल पदविका अभ्यासक्रम घरी राहून करता येतो. पदवी, इंग्रजी ४० आणि मराठी ३० गतीचे टंकलेखन असेल, तर जिल्हा न्यायालयातल्या कनिष्ठ लिपिकाच्या परीक्षेला बसता येते. पदवीनंतर प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षांचे एलएलबी करता येते. अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुख विधी महाविद्यालय आहे. स्वयंसेवक राहूनही कायद्याचे शिक्षण घेता येते, वकील म्हणून नोंदणी होईपर्यंत. भाची सध्या टंकलेखनाच्या वर्गाला जाते. पुढचे पुढे.

ज्यांना ही वाट धरायची आहे त्यांनी आपल्या तालुका समितीत किंवा जिल्हा प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन निवड केव्हा होते ते विचारावे. आणि निवड झाल्यावर ओळखपत्र गळ्यात घालून थांबू नये, बैठकीला जावे. जिथे बैठक होत नसेल, तिथे चार जणींनी मिळून सुरू करावी. दस्तलेखक, अर्जनवीस, वकिलांचे कारकून यांच्या संघटना जिथे आहेत, तिथे आपल्या मुलांनी सभासद व्हावे आणि फक्त वर्गणी देऊन गप्प बसू नये.

गेल्या महिन्यात भाचीच्या बैठकीत एक जुने खरेदीखत आले. उर्दूत लिहिलेले, कागद पिवळा, शाई उडालेली. कोणालाच वाचता येईना. तिने ते घरी आणले. अब्बांनी खिडकीजवळ बसून दोन संध्याकाळी खर्च केल्या आणि ओळीओळीने मराठीत उतरवून दिले. पुढच्या बैठकीला त्यांना बोलावणे आले. जाताना त्यांनी शेरवानीसारखी इस्त्री केलेली जुनी बंडी घातली आणि लाल डायरी काखेत घेतली.

परत आल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग भाचीला म्हणाले, "बेटी, तुमच्या या मंडळात बाहेरच्या माणसाला येता येतं का? वर्गणी किती आहे?"