खिळ्याच्या जखमेचे तोंड लहान असते

घरकुलाच्या सामानाची यादी करायला बसले की सिमेंट, सळई, विटा, रेती, पत्रे ही नावे आधी येतात. खिळे अगदी शेवटी, तेही किलोच्या भावाने. कामावर भीतीही याच क्रमाने वाटते. परांचीवरून पडण्याची भीती सगळ्यांना असते, विजेच्या तारेची असते. खिळ्याची कुणालाच नसते. म्हणून या अंकात फक्त खिळ्याविषयी लिहीत आहे: पायात जाणारा खिळा, डोळ्यात उडणारा खिळा आणि आता यंत्रातून सुटणारा खिळा. वडनेर भोलजीपासून उत्तरेला जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याच्या वाड्यांवर ज्यांचे घर चालू आहे किंवा पुढल्या उन्हाळ्यात होणार आहे, त्यांच्यासाठी हे आहे.

कोरकूंच्या जुन्या घराला खिळा फारसा लागत नसे. लाकडाचे खांब, चिरलेल्या बांबूचा कुड, त्यावर मातीचा लेप, वर गवत किंवा कवेलू, आणि जोड सगळे दोरीने बांधलेले. ते घर बांधायला वाडीतली चार माणसे पुरत आणि त्या चौघांना त्यातले धोके लहानपणापासून माहीत असत. आताचे घर विटा-सिमेंटचे. प्रधानमंत्री आवास योजनेचे ग्रामीण घरकुल २०१६ पासून मिळू लागले, आदिवासी कुटुंबांसाठी राज्याची शबरी घरकुल योजनाही आहे. घर किमान २५ चौरस मीटरचे हवे आणि ते लाभार्थ्याने स्वतः बांधायचे, ठेकेदार लावायचा नाही, असा या ग्रामीण आवास योजनेचा नियम आहे. नियम चांगला आहे. पण त्याचा एक अर्थ आपण लक्षात घेत नाही. ठेकेदार नाही, म्हणजे कामावर लक्ष ठेवणारा मुकादमही नाही. फळीतले खिळे काढले का, मुले कुठे खेळतात, मजुराच्या पायात काय आहे, हे पाहणारा माणूस घरमालकच.

मोशेच्या नियमशास्त्रात, अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात, नवे घर बांधणाऱ्याला छताभोवती कठडा करायला सांगितले आहे, कुणी पडले तर त्याच्या रक्ताचा दोष घरावर येऊ नये म्हणून. ही आज्ञा गवंड्याला नाही, घर बांधणाऱ्या मालकाला आहे.

आता पायातल्या खिळ्याकडे येऊ. लिंटेलचे किंवा स्लॅबचे सेंट्रिंग काढले की फळ्या अंगणात फेकल्या जातात. त्यांत खिळे तसेच असतात, बरेचसे टोक वर करून. आपल्या पूर्णाकाठच्या काळ्या मातीत पाणी मारले की चिखल होतो आणि पडलेला खिळा दिसेनासा होतो. बिगारी डोक्यावर घमेले घेऊन चालतो, त्याला पायाखालचे दिसत नाही. पायात स्लिपर. अंगाचा आणि घमेल्याचा सगळा भार त्या एका टोकावर येतो आणि खिळा रबर फोडून टाचेत किंवा चवड्यात जातो. तो उपटला की दोन थेंब रक्त येते आणि थांबते. माणूस हसतो, चुना किंवा हळद लावतो, पुन्हा घमेले उचलतो.

फसगत इथेच होते. विळ्याची जखम मोठी दिसते, पण ती उघडी असते. तिला हवा लागते, ती धुता येते, वाहणारे रक्तही थोडीफार घाण बाहेर काढते. खिळ्याची जखम उलटी. तोंड ज्वारीच्या दाण्याएवढे आणि खोली बोटाच्या पेरापर्यंत. तोंड लगेच मिटते आणि आत माती, शेण, कधी स्लिपरच्या रबराचा तुकडा राहून जातो.

धनुर्वाताच्या जंतूला अशीच जागा लागते. लोक म्हणतात गंजलेल्या खिळ्याने धनुर्वात होतो. तसे नाही. गंजात विष नसते. हा जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात बीजासारखा वर्षानुवर्षे पडून राहतो आणि जिथे हवा पोचत नाही तिथे वाढतो. नवा कोरा चकचकीत खिळासुद्धा शेणमातीतून पायात गेला तर तोच धोका. जिथे कालपर्यंत बैल बांधले होते त्याच जागेवर आपण पाया खणतो, हेही ध्यानात घ्या. आणि जखमेवर शेण लावण्याची चाल अजून कुठे असेल तर ती आजच सोडावी.

जखम झाल्यावर साधारण तीन दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत कधीही आजार डोके काढतो, बहुधा आठ-दहा दिवसांनी. तोवर जखम भरलेली असते आणि खिळा कुणाच्या लक्षातही नसतो. आधी जबडा आखडतो, तोंड उघडत नाही. मान ताठते, गिळता येत नाही. मग पाठ धनुष्यासारखी वाकते, त्यावरूनच हे नाव पडले. जखम आठवत नसल्यामुळे घरच्यांना ही बाहेरची बाधा वाटते आणि भुमका किंवा पडियाराकडे दोन दिवस जातात. त्या माणसांचा वाडीत मान आहे आणि तो मोडायला मी सांगत नाही. पण ज्याचा जबडा आखडला आहे त्याला आधी गाडीत घाला आणि मोठ्या दवाखान्यात न्या. डॉक्टरांना सांगा की महिन्याभरात घराच्या कामावर खिळा लागला होता. हा आजार एकदा होऊन माणूस वाचला तरी त्याला पुढचे संरक्षण मिळत नाही, लस घ्यावीच लागते.

लसीची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. गरोदरपणी बायांना धनुर्वाताची सुई मिळते, बाळांना मिळते, पुढे दहाव्या आणि सोळाव्या वर्षी मिळते. या कामाला इतके यश आले की २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. राहिला तो घरचा कर्ता पुरुष. चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाला विचारा शेवटची सुई कधी घेतली, तर त्याला आठवत नाही. लहानपणी घेतली की नाही तेही माहीत नसते. आणि पायाची चर खणणारा, फळ्या उपटणारा तोच. बाई सुरक्षित आणि बाप उघडा, असे कितीतरी घरांत आहे.

ही सुई पूर्वी टीटी म्हणत, आता टीडी म्हणतात, कारण तिच्यात घटसर्पाचीही लस असते. खिळा लागण्याची वाट न पाहता पाया खणण्याआधीच घरातल्या आणि कामावरच्या मोठ्या माणसांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन ती घ्यावी. खिळा लागल्यावर नियम असा आहे: जखम मातीशेणाची असेल आणि शेवटच्या सुईला पाच वर्षे झाली असतील तर पुन्हा घ्यायची. आधीचे तीन डोस झालेच नसतील किंवा आठवत नसतील, तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचे वेगळे इंजेक्शनही लागते. लस शरीराला तयार करते, त्याला वेळ लागतो. हे दुसरे इंजेक्शन तयार संरक्षण देते. म्हणून ‘कधी घेतली आठवत नाही’ हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, लाजू नका.

घरी करायचे एवढेच: जखम साबणाने आणि भरपूर वाहत्या पाण्याने धुवा, स्वच्छ कापड बांधा, त्याच दिवशी दवाखाना गाठा. रॉकेल, बॅटरीचे पाणी, तंबाखू, काही नको. ज्याला मधुमेह आहे त्याला पायात खिळा गेलेला कळतही नाही कधी कधी. त्याने रोज संध्याकाळी तळपाय पाहावा किंवा नातवंडाला पाहायला सांगावे. दोन-तीन दिवसांनी ठणका वाढला, पाय सुजला, तर आत काही राहिले आहे किंवा हाडापर्यंत पू गेला आहे असे समजून परत दाखवावे.

डोळ्याचे थोडक्यात सांगतो. सिमेंटच्या भिंतीत मारायचा स्टीलचा खिळा कडक असतो, वाकत नाही. हातोडी तिरकी बसली की तो उडतो किंवा त्याचा कपचा उडतो. बारीक कपचा बुबुळातून आत गेला तरी वेदना थोडीच होते, डोळा फक्त लाल दिसतो. चोळू नये, पाण्याचे सपके मारू नयेत, रुतलेले काही ओढू नये. कागदी कप डोळ्यावर उपडा ठेवून, दाब न देता पट्टी लावावी आणि थेट नेत्रतज्ज्ञाकडे जावे. साधा प्लॅस्टिकचा सुरक्षा चष्मा फार महाग नाही. घरकुलाच्या खर्चात तो दिसूनही येत नाही.

आता यंत्र. कुणी म्हणेल, आपल्या वाडीत नेलगन कुठली? पण आपली पोरे पुण्याला, सुरतेला प्लायच्या फर्निचरच्या आणि फॉल्स सीलिंगच्या कामावर जातात, तिथे ती चालवतात. महामार्गावरच्या गावांतल्या सुतारांकडे कॉम्प्रेसर आले आहेत. परत येताना एखादा स्वस्त गन घेऊन येतो, दाराची चौकट, मांडणी, छताखालची पट्टी झटक्यात करून देतो. काम सुरेख होते यात शंका नाही. हातोडीचा खिळा चुकला तर अंगठा काळानिळा होतो. गनचा खिळा चुकला तर हाडात जातो.

तिची चाल समजून घ्या. कॉम्प्रेसरची दाबलेली हवा दट्ट्याला ढकलते, दट्ट्या खिळ्याला. समोर नाकाशी एक सरकणारा तुकडा असतो, तो लाकडावर दाबला गेल्याशिवाय खिळा सुटत नाही. यातही दोन प्रकार आहेत. एका प्रकारात बोट घोड्यावर दाबून धरले की नाक जिथे टेकेल तिथे खिळा सुटतो, मग ते लाकूड असो की मांडी. दुसऱ्यात आधी नाक टेकवायचे, मग घोडा ओढायचा, आणि प्रत्येक खिळ्याला हे नव्याने करायचे. दुसरा प्रकार किंचित सावकाश, पण बराच सुरक्षित. घ्यायचीच असेल तर दुकानदाराला हा फरक विचारून दुसरीच घ्या. अमेरिकेत लाकडी घरे या यंत्रानेच ठोकतात. तिथल्या सरकारी संस्थांनी २०११ मध्ये ठेकेदारांसाठी काढलेल्या पुस्तिकेत म्हटले आहे की नेलगनच्या जखमांमुळे वर्षाला सुमारे ३७,००० माणसे तातडीच्या उपचारासाठी दवाखान्यात येतात, आणि घरे बांधणाऱ्या शिकाऊ सुतारांपैकी पाचातल्या दोघांना चार वर्षांत ही जखम होते. पहिल्या प्रकारात धोका दुप्पट, हेही त्यातच आहे. निम्म्याहून अधिक जखमा हाताच्या आणि बोटांच्या.

त्याचे कारण साधे आहे. डाव्या हाताने फळी धरलेली असते. खिळा लाकडाच्या गाठीवर किंवा जुन्या खिळ्यावर आपटला की वळतो आणि बाजूने बाहेर येतो. म्हणून धरलेला हात वीतभर नव्हे, निदान एक फूट दूर हवा. आणि आपल्याकडची जुगाडाची सवय इथे घातक आहे. काम भराभर व्हावे म्हणून नाकाचा तो तुकडा तारेने मागे बांधून ठेवतात. मग हातात उरते ती नुसती बंदूक. खिळा अडकला तर हवेची नळी काढल्याशिवाय बोट घालू नये. कॉम्प्रेसर नाही म्हणून वेल्डिंगचा ऑक्सिजन सिलिंडर कधीही जोडू नये, गन फुटते. जेवायला बसताना नळी काढून ठेवावी, कारण वाडीतली सगळी पोरे तिथेच असतात आणि बंदूक कुणाला नको असते?

सीलिंगसाठी आणखी एक छोटी गन बाजारात आहे, तिच्या खिळ्याच्या बुडाशीच दारू भरलेली असते. ती काँक्रीटसाठी आहे. चार इंची विटेच्या भिंतीत ती मारली तर खिळा आरपार जाऊन पलीकडे चूल पेटवणाऱ्या बाईला लागू शकतो. तिथे ड्रिल आणि स्क्रू वापरा.

गनचा खिळा अंगात रुतला तर तो उपटू नका. पायात सेंट्रिंगचा खिळा गेला तर पाय उचलताच तो निघतो, त्याला इलाज नसतो. गनच्या खिळ्यांची मात्र माळ असते, तारेने किंवा चिकट द्रव्याने जोडलेली. तारेचे तुसे खिळ्याला राहतात आणि ओढताना ते नस, शीर फाडतात. हात हलू न देता खिळ्यासकट कापडात गुंडाळा आणि १०८ ला फोन करा. छाती, डोके, डोळा, सांधा इथे तर हातही लावू नका. बोट हलते आहे म्हणून घरी थांबू नये, आतली शीर तुटल्याचे तपासल्यावरच कळते.

शेवटी कागदाचे एक काम. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात १८ ते ६० वयाच्या, वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या मजुराची नोंद होते. कामावर अपघाती मृत्यू झाला तर वारसांना पाच लाख रुपये मिळतात. वाडीवर या मंडळाची ओळख ‘भांडी देणारे मंडळ’ अशी आहे. सुरक्षा संचातले हेल्मेट आणि बूट बऱ्याच घरांत कोठीच्या वर कोरे पडलेले दिसतात. ते खाली काढून घालावेत. ज्यांची नोंद नाही त्यांनी ९० दिवसांच्या कामाचा दाखला ग्रामसेवकाकडून घ्यावा. हा दाखला काम चालू असताना सहज मिळतो, घर उभे राहून मजूर पांगल्यावर त्यासाठी चकरा माराव्या लागतात. फळ्यांचे खिळेही त्याच संध्याकाळी काढा. एकाने पक्कड धरावी, दुसऱ्याने रिकामा डबा.