दिव्यातील नारिंगी तुकडा

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बहुतेक मोटारींच्या पुढच्या दिव्यात, कडेला प्लॅस्टिकचा एक नारिंगी तुकडा असतो. तो शोभत नाही म्हणून काही हौशी मंडळी दिवा घरच्या ओव्हनमध्ये तापवतात, जोडावरचा चिकट थर मऊ झाला की पुढची काच उघडतात आणि तुकडा काढून टाकतात. यात नेमके काय जाते, ते आपण पाहू.

अनेक गाड्यांत हा तुकडा दोन कामे करतो. पहिले, गाळणीचे. बल्बच्या पांढऱ्या प्रकाशातील निळा आणि बराचसा हिरवा भाग तो शोषतो. उरलेला नारिंगी दिसतो. म्हणजे रंग मिसळला जात नाही, वजा होतो. नारिंगी बल्ब बसवून ही उणीव भरून काढता येते.

दुसरे काम परावर्तकाचे. तुकड्याच्या आतल्या बाजूस, परस्परांशी काटकोनात असलेल्या तीन-तीन पृष्ठांचे बारीक कोपरे असतात. त्यांवर पडलेला किरण तीनदा परावर्तित होऊन आल्या दिशेलाच परततो. त्यामुळे बॅटरी संपून अंधारात आडवी उभी राहिलेली गाडीही समोरून येणाऱ्या चालकाला त्याच्याच दिव्यांच्या उजेडात दिसते. तेथील नियमांनुसार १९७० पासून बाजूचा दिवा आणि परावर्तक दोन्ही सक्तीचे आहेत, ते यासाठीच. हे काम कोणताही बल्ब करू शकत नाही.

वर्गात सायकलचा परावर्तक भिंतीवर लावा. विजेरी आधी डोळ्याजवळ धरून, मग हात लांब करून त्यावर प्रकाश टाकायला सांगा. तो केव्हा अधिक उजळ दिसतो आणि का, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.