‘बस’ : एक रूप, तीन कुळे

‘बस’ हा दोन अक्षरी शब्द मराठीत तीन निरनिराळ्या कामांवर राबतो : तो खाली बसण्याची आज्ञा देतो, ‘पुरे’ असे बजावतो आणि रस्त्यावरच्या प्रवासी वाहनाचे नावही होतो. उच्चार एकच, परंतु मुळे वेगळी, अशा शब्दांना समरूप शब्द म्हणतात; ‘बस’च्या बाबतीत ही मुळे भारत, इराण आणि रोम इतक्या दूरवर पसरलेली आहेत.

आज्ञार्थी ‘बस’ घरचाच आहे. संस्कृत ‘उपविश्’ या धातूतील आद्य ‘उ’ प्राकृतात गळाला आणि ‘प’चा ‘ब’ झाला. त्यातून जुन्या मराठीतील ‘बैसणे’ आणि पुढे आजचे ‘बसणे’ सिद्ध झाले. हिंदीतील ‘बैठना’ त्याच धातूच्या ‘उपविष्ट’ या रूपावरून आले, तर ‘वस्ती करणे’ या अर्थाचे हिंदी ‘बसना’ मात्र ‘वस्’ धातूचे असल्याने या कुळात मोडत नाही.

‘पुरे’ या अर्थाचा ‘बस’, जो जोर देताना ‘बस्स’ होतो, फारसीतून आला. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या अखेरीस सम्राट दारियसने बेहिस्तूनच्या कड्यावर कोरविलेल्या लेखात ‘पुष्कळ’ या अर्थाने आढळणारा प्राचीन फारसी शब्द हा त्याचा पूर्वज असून, ‘इच्छेनुसार’ हा त्याचा मूळ भाव होता. हवे तितके मिळाले की ते पुष्कळ, आणि पुष्कळ झाले की पुरे, असा हा अर्थाचा प्रवास आहे. विशेष म्हणजे हा शब्द संस्कृत ‘वश’चा सगोत्र आहे, कारण ‘वश’ म्हणजेही मुळात इच्छा. त्यामुळे हिंदीतील ‘बस में’ आणि ‘बस करो’ या प्रयोगांत दुरावलेली दोन भावंडे नकळत एका रूपात भेटतात. याउलट इटालियन आणि पोर्तुगीज भाषांतील ‘बास्ता’ या शब्दाचा अर्थही ‘पुरे’ असला, तरी हे साम्य केवळ योगायोगाचे आहे.

वाहनवाचक ‘बस’ची कथा सर्वांत चमत्कारिक म्हणावी लागेल. लॅटिनमध्ये ‘ओम्निस’ म्हणजे सर्व आणि ‘ओम्निबुस’ म्हणजे ‘सर्वांसाठी’. 1826 च्या सुमारास फ्रान्समधील नांत शहरात स्तानिस्लास बोद्री याने सुरू केलेल्या, कोणालाही भाडे देऊन बसता येईल अशा घोडागाड्यांना हे नाव मिळाले. 1829 मध्ये जॉर्ज शिलिबीर याने तशीच सेवा लंडनमध्ये आणली आणि इंग्रजांनी लवकरच लांबलचक नावाचे शेपूट तेवढे ठेवले. हे शेपूट म्हणजे स्वतंत्र शब्द नव्हे, तर नामाचा वाक्यातील संबंध दाखवणारा विभक्तिप्रत्यय होय, आणि संस्कृतातील चतुर्थीच्या अनेकवचनी ‘भ्यः’ या प्रत्ययाशी त्याचे नाते आहे. ‘ओम्निबुस’चा नेमका संस्कृत प्रतिशब्द ‘सर्वेभ्यः’ असा होईल. अर्थ वाहणारा ‘ओम्नि’ गळून पडावा आणि निव्वळ प्रत्ययाने नामाची प्रतिष्ठा मिळवावी, असे भाषेत क्वचितच घडते.

15 जुलै 1926 रोजी मुंबईत अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर पहिली मोटारबस धावली, तेव्हा हे आखूड नाव इंग्रजीत रुळून गेलेले होते. मराठीने ते स्त्रीलिंगी करून घेतले, मात्र अनेकवचनाबाबत अद्याप एकमत नाही : काहीजण ‘बसगाड्या’ लिहितात, तर बहुतेकांच्या तोंडी इंग्रजी वळणाचे ‘बसेस’ असते, ज्यात मुळातच अनेकवचनी असलेल्या प्रत्ययाला आणखी एक अनेकवचनी प्रत्यय जोडला जातो.