शेवाळाची ताटी

बंद काचपेटीत समुद्राचे पाणी भरून त्यात मासे सोडले, की त्या पाण्याचे भवितव्य रोज टाकल्या जाणाऱ्या चिमूटभर खाद्यावर ठरू लागते. माशाने खाल्लेल्या प्रथिनांतील नत्राचा बराचसा भाग कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यात उतरतो. दगडांवर, वाळूवर आणि काचेवर वस्ती केलेले जिवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि नायट्रीकरण या नावाने ओळखली जाणारी ही साखळी बहुतेक पेट्यांत तिथेच थांबते. अमोनिया जहाल आणि नायट्रेट त्या मानाने सौम्य असल्यामुळे मासे जगतात खरे; परंतु नायट्रेटला आणि खाद्यातूनच येणाऱ्या फॉस्फेटला बाहेर पडायला वाट नसते, दोन्ही साठत जातात, आणि त्यांच्यावर पोसलेले शेवाळ आधी काचेवर, मग दगडांवर आणि अखेरीस सगळीकडे माजते. शेवाळ-गाळणी म्हणजे या माजण्यालाच कामाला जुंपण्याची युक्ती. शेवाळाला पेटीबाहेर अधिक सोयीची जागा, अधिक प्रकाश आणि अधिक वेगाने वाहणारे पाणी दिले, की ते पेटीतल्यापेक्षा तिथेच जोमाने वाढते, आणि आठवड्याला खरवडून टाकले की त्याने शोषलेले नत्र आणि स्फुरदही त्याच्याबरोबर कायमचे बाहेर जाते.

या युक्तीला शास्त्रीय रूप दिले ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतील वॉल्टर एडी या संशोधकाने. कॅरिबियन समुद्रातील प्रवाळभित्तींचा अभ्यास करताना त्याचे लक्ष वेधले ते लाटांच्या माऱ्यात खडकाला चिकटून वाढणाऱ्या आखूड, दाट शेवाळाने, ज्याला शैवाल-हिरवळ म्हणता येईल. मासे ही हिरवळ सतत कुरतडत असतात आणि ती तितक्याच झपाट्याने पुन्हा फुटत असते. संस्थेच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात १९८० मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या प्रवाळ-पेटीचे पाणी एडीने याच हिरवळीच्या भरवशावर स्वच्छ ठेवले आणि १९८२ मध्ये त्या रचनेचे अमेरिकी पेटंट मिळवले. त्याच्या यंत्रात पाण्याने भरली की आपोआप कलंडणारी बादली होती, जी आडव्या जाळीवर थांबून थांबून पाणी ओतत असे, म्हणजे लाटेची नक्कल करीत असे. पुढे ऑस्ट्रेलियातील टाउन्सव्हिल येथील मोठ्या मत्स्यालयात आणि अ‍ॅरिझोनातील ‘बायोस्फिअर २’ या बंदिस्त प्रयोगगृहाच्या कृत्रिम समुद्रातही या गाळण्या बसवल्या गेल्या. एडीच्या पद्धतीवर टीकाही झाली. शेवाळातून पाझरणाऱ्या सेंद्रिय द्रव्यांनी पाण्याला पिवळी झाक येते हा त्यांतील ठळक आक्षेप, आणि तो खोटा नाही. मात्र थोड्या सक्रिय कोळशाने ही झाक जाते.

घरगुती आवृत्तीत बादली गेली आणि आडवी जाळी उभी झाली. विदर्भातील वाचकाला या उभ्या गाळणीचे वेगळे वर्णन करण्याची फारशी गरज नाही, कारण चंद्रपूर किंवा गडचिरोलीतील जवळजवळ प्रत्येक घरात मार्च ते जून तिची सख्खी बहीण चालू असते. कूलरमध्ये पंप खालचे पाणी वर चढवतो, ते वरच्या पन्हळीतून ताटीवर सारखे पसरते आणि ताटीवरून झिरपत पुन्हा खाली येते. शेवाळ-गाळणीत वाळ्याच्या किंवा लाकडी गवताच्या ताटीऐवजी भरतकामाची प्लास्टिकची जाळी असते, पन्हळीऐवजी चिरलेला पीव्हीसी पाइप असतो आणि पंख्याऐवजी दिवा. कूलरचे ज्या गोष्टीने बिघडते, म्हणजे ताटीवर धरलेल्या हिरव्या बुरशीसारख्या थराने, त्यानेच गाळणीचे साधते.

रोज गोठवलेल्या खाद्याची एखादी वडी लागणाऱ्या शंभर लिटरच्या पेटीसाठी दहा सेंटिमीटर रुंद आणि तितकीच उंच जाळी पुरते. शौकिनांमध्ये रुळलेला अंदाज असा, की दोन्ही बाजूंनी उजेड असलेली सुमारे ७५ ते ८० चौरस सेंटिमीटर जाळी गोठवलेल्या खाद्याच्या रोजच्या एका वडीचा भार पेलते. याचा अर्थ गाळणीचे माप पेटीच्या आकारावरून न ठरवता खाद्यावरून ठरवावे, आणि हा शहाणपणा उशिरा आला, कारण आरंभी सगळे जण लिटर मोजत बसले होते. पाऊण इंची पाइपला खालच्या अंगाने तीन मिलिमीटर रुंदीची लांब चीर पाडायची, पाइपचे दूरचे तोंड टोपणाने बंद करायचे आणि जाळीची वरची कड चिरेत सरकवायची, म्हणजे पाणी जाळीच्या दोन्ही अंगांनी पातळ पडद्यासारखे उतरते. रुंदीच्या दर सेंटिमीटरमागे ताशी पन्नासेक लिटर पाणी लागते, म्हणून इथे ताशी पाचशे लिटर जाळीवर प्रत्यक्ष पडले पाहिजे; पाणी वर चढवण्यात पंपाची ताकद खर्च होत असल्यामुळे डब्यावर याच्या दीडपट-दुप्पट आकडा असलेला पंप घ्यावा लागतो. कूलरचा स्वस्त पंप इथे वापरण्याचा मोह स्वाभाविक असला तरी तो आवरलेला बरा, कारण उघडा लोखंडी स्क्रू खाऱ्या पाण्यात गंजतो, आणि तांब्याचा भाग असेल तर त्यातून उतरणारा अंश कोळंबी-खेकड्यांच्या जिवावर बेततो.

जाळी दुकानातून येते तेव्हा गुळगुळीत असते आणि गुळगुळीत प्लास्टिकला शेवाळ धरत नाही. धरलेच तर पहिल्या जोरदार धारेबरोबर सबंध चटईच्या चटई निसटून खाली येते. म्हणून पाट्याला टाकी लावतात तशी या जाळीलाही दोन्ही अंगांनी टाकी लावावी लागते: करवतीचे पाते आडवे-उभे घासून जाळीच्या प्रत्येक काडीवर कुसळे उभी राहिली आणि हात फिरवताना ती बोटांत रुतली, म्हणजे काम झाले. या घासण्यात केलेला आळस पुढे महिनोन्महिने भोवतो.

पहिल्या आठवड्यात जाळीवर तपकिरी, बुळबुळीत साय येते. ती करंडक शैवालांची, म्हणजे सिलिकेची कवचे असलेल्या एकपेशीय शैवालांची असते. मग केसांसारखे हिरवे तंतू फुटतात. काळपट, तेलकट थर म्हणजे पाण्यात अन्नद्रव्ये फार किंवा उजेड कमी, आणि पिवळट, रबरासारखी वाढ म्हणजे उजेड अन्नद्रव्यांच्या मानाने जास्त, असे वाचन अनुभवी डोळा चटकन करतो. खरवडण्याच्या दिवशी जाळी चिरेतून काढून नळाखाली धरतात आणि जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने वरून खाली ओढतात. हिरवा लगदा मूठभर निघतो, पण काड्यांना चिकटलेली बुडखे तशीच राहू द्यायची असतात, कारण पुढची वाढ त्यांतूनच होते. नळाचे गोडे पाणी मुद्दाम वापरतात, ते शेवाळ खाणारे बारीक कवचधारी जीव मरावेत म्हणून. खरवडणे लांबवले तर वरच्या थराच्या सावलीत बुडखे कुजतात, पकड सुटते आणि शोषलेले सगळे नायट्रेट-फॉस्फेट पाण्यात परत येते, म्हणजे गाळणी उलटी चालू लागते. पाइपच्या चिरेतही उजेड पोचला की शेवाळ शिरते आणि पाण्याचा पडदा मधूनच फाटतो. चिरेवर काळ्या प्लास्टिकची पट्टी बसवली की हा त्रास बराच कमी होतो.

समुद्रापासून इतक्या आत या यंत्राला काही स्थानिक अडचणी येतात. चंद्रपूरहून बंगालचा उपसागर सरळ रेषेत साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि मुंबईचा किनारा त्याहून बराच दूर. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाला समुद्र रस्त्यापलीकडेच होता. इथे शंभर लिटरमागे साडेतीन किलोहून थोडे अधिक तयार मीठ विकत आणून आरओच्या पाण्यात कालवावे लागते. यातली गंमत अशी, की राजुरा-कोरपना भागातील सिमेंट कारखान्यांना पुरणारा चुनखडक हा मुळात समुद्राच्या तळाशी साचलेला थर आहे आणि भूविज्ञानात तो चंद्रपूरच्याच जुन्या नावाने, ‘चांदा चुनखडक’ म्हणून, ओळखला जातो. त्याच पट्ट्यातील विहिरींचे जड पाणी मात्र पेटीला चालत नाही.

खरी परीक्षा मे महिन्यात होते. बाहेर पारा ४६ अंशांवर असताना पेटीचे पाणी २८ अंशांच्या आत ठेवणे कठीण, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. जाळीवरून उतरणाऱ्या पाण्याची वाफ होते आणि कूलरच्याच न्यायाने पेटी थोडी थंड होते, पण मीठ मागेच राहते, म्हणून घटलेली पातळी रोज गोड्या पाण्याने भरून काढावी लागते. खारे पाणी ओतले तर खारटपणा चढतच जातो. मृगाच्या सरी आल्या, हवा दमट झाली, की कूलरप्रमाणे गाळणीचाही हा लाभ संपतो. दिवा रात्री लावणे इथे विशेष फायद्याचे, कारण त्याची उष्णता दिवसाच्या उन्हात मिसळत नाही आणि पेटीतले दिवे विझलेले असताना जाळीवरचे शेवाळ प्राणवायू देत राहते. वीज गेली तर मात्र जाळी काही तासांत कोरडी पडते. कूलरसाठी इन्व्हर्टर परवडत नाही, या पाच-दहा वॉटच्या पंपासाठी परवडतो.

कायद्याचीही एक बाजू आहे. समुद्री पेट्यांत जिवाणूंचे घर म्हणून प्रवाळभित्तीतून काढलेला दगड जगभर वापरला जातो. भारतात प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, त्यामुळे वाघाइतकेच प्रवाळही घरात आणण्याची वस्तू नाही. ताडोब्याच्या शेजारी राहणाऱ्यांना हे समजावून सांगण्याची गरज नसावी. पेटीत क्लाउनफिशसारखे हॅचरीत जन्मलेले मासे ठेवावेत, ज्यांच्या पैदाशीचे तंत्र कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विकसित केले आहे, आणि दगडाच्या उणिवेचा काही भार शेवाळाच्या जाळीवर टाकावा. फेस करून सेंद्रिय मळ काढणारे स्किमर हे यंत्रही चांगलेच, परंतु ते विरघळलेल्या नायट्रेटला हात लावत नाही.

मोठ्या प्रमाणावर हेच तत्त्व एडीने फ्लोरिडातील शेतांमधून वाहणाऱ्या स्फुरदयुक्त पाण्यावर आजमावले. पूर्व विदर्भात कोहळी समाजाने बांधलेल्या आणि आज मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जलाशयांनाही ते परके नाही: तलावात जे उतरते ते कुणीतरी उपसून बाहेर न्यावे लागते. १९५१ च्या सुमारास मालगुजारी संपून तलाव सरकारकडे गेले, उपसण्याची गावकी सैल झाली, आणि जिथे उपसा थांबला तिथे बेशरम आणि जलपर्णी शिरली; चंद्रपूरच्या रामाळा तलावावर पसरणारी जलपर्णी म्हणजे न खरवडलेली जाळीच. ती नुसती फवारणी करून मारली, तर कुजून तिथेच बसते.

खरवडलेल्या शेवाळाचे काय करावे, याचे उत्तर मामा तलावाच्या गाळाइतके सोपे नाही. गाळ सरळ धानाच्या बांधीत जातो, पण हा लगदा खारा असतो. तीन पाण्यांनी धुऊन, फडक्यात पिळून, सावलीत वाळवून मगच तो तुळशीच्या कुंडीत घालता येतो, आणि तेव्हा ओंजळभर लगद्याची जेमतेम चमचाभर पूड उरलेली असते.