क्रीट : यवनांच्या देशातील बेट आणि वेशीबाहेरची माणसे

कार्ल्याच्या चैत्यगृहात गेलात तर दोन्ही बाजूंच्या खांबांकडे जरा निरखून पाहा. काही खांबांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत ‘धेनुकाकटचा यवन’ अशी ओळख सांगणारे दाते एकापेक्षा अधिक आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी मावळच्या डोंगरात भिक्षुसंघाला खांब दान देणारे हे यवन म्हणजे ग्रीक किंवा ग्रीक वंशाचे लोक. भदंत नागसेनांना प्रश्न विचारणारा राजा मिलिंदही यवनच होता. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला त्याचेच नाव दिले. इतके जुने नाते असूनही ग्रीस म्हटले की आपल्याला सिकंदरापलीकडे फारसे काही आठवत नाही. म्हणून या देशातील सर्वांत मोठ्या बेटाची, क्रीटची, ओळख करून घेऊ.

क्रीट हे भूमध्य समुद्रातील लांबट बेट. पूर्व-पश्चिम लांबी सुमारे २६० किलोमीटर, लोकसंख्या सहा लाखांच्या वर. मधोमध डोंगरांची रांग. सर्वांत उंच शिखर २,४५६ मीटरचे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा आठशे मीटरने उंच. हिवाळ्यात त्यावर बर्फ असते आणि उन्हाळ्यात खाली समुद्रावर युरोपातील लोकांची झुंबड उडते. एलाफोनिसीची गुलाबी छटेची वाळू, बालोसचे उथळ निळे पाणी, सामारियाची १६ किलोमीटर लांबीची घळ, हानिया गावचे जुने बंदर ही सारी प्रसिद्ध ठिकाणे. घळ वरून खाली उतरत पार करायची असते आणि साधारण मे ते ऑक्टोबर एवढ्याच काळात ती खुली असते. खाणे साधे : जवाची कडक भाजलेली भाकरी, वर किसलेला टोमॅटो, चीज आणि भरपूर ऑलिव्ह तेल. गरीब शेतकऱ्याची ही न्याहारी आता हॉटेलात चांगल्या भावाने मिळते. आपल्या पिठल्या-भाकरीचेही तेच झाले आहे.

प्रवासी सर्वांत आधी धावतो तो क्नोसोसला. साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या मिनोअन संस्कृतीचा हा राजवाडा. मिनोस कालोकेरिनोस या स्थानिक गृहस्थाने १८७८ मध्ये येथे प्रथम खोदकाम केले. १९०० पासून आर्थर इव्हान्स या इंग्रज संशोधकाने मोठे उत्खनन केले आणि काही भाग सिमेंटने पुन्हा उभाही केला. तेथे जे लाल खांब दिसतात त्यांत इव्हान्सच्या कल्पनेचा वाटा बराच आहे, हे पाहणाऱ्याने ध्यानात ठेवावे. २०२५ मध्ये क्नोसोससह सहा मिनोअन केंद्रे जागतिक वारसा यादीत गेली.

पण आमच्यासारख्या कारकुनी पेशाच्या माणसाला भिंतीवरच्या बैलाच्या चित्रापेक्षा तेथे सापडलेल्या मातीच्या पाट्यांचे अधिक कौतुक वाटते. मायकेल व्हेंट्रिस या वास्तुशिल्पकाराने १९५२ मध्ये त्यांची लिपी उलगडली. लोकांना वाटले होते, राजांची काव्ये निघतील. निघाले हिशेब! अमक्या मेंढपाळाकडे किती मेंढ्या, किती लोकर येणे बाकी, कापड विणणाऱ्या बायकांना किती धान्य द्यायचे. राजवाडा जळाला म्हणून कच्च्या पाट्या भाजून पक्क्या झाल्या आणि टिकल्या. त्या पाट्यांत गुलाम पुरुष आणि गुलाम स्त्री यांच्यासाठी वेगळे शब्द आहेत. म्हणजे राजवाड्याच्या वैभवाच्या जमाखर्चात दासही मांडलेले होते.

पुढे दक्षिणेकडील मेसारा मैदानात गोर्टिन हे नगर भरभराटीस आले. आज तेथे ऑलिव्हच्या बागांत पडकी नगरी आहे. मोठ्या सहली तेथे फार थांबत नाहीत. पण आपल्या वाचकाने क्रीटमध्ये एकच जागा पाहायची म्हटली तर मी आधी गोर्टिनचे नाव घेईन. येथे एका गोल दालनाच्या भिंतीत इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातील कायदा दगडावर कोरलेला आहे. बारा स्तंभ, सुमारे सहाशे ओळी. एक ओळ उजवीकडून डावीकडे, पुढची डावीकडून उजवीकडे, शेतात बैल नांगर वळवतो तशी. फेदेरिको हाल्बहेर या इटालियन संशोधकाने १८८४ मध्ये ही भिंत उजेडात आणली.

या कायद्यात बलात्काराच्या गुन्ह्याला दंड आहे. पण कोणावर अत्याचार झाला आणि कोणी केला, यावर दंडाची रक्कम ठरते. स्वतंत्र नागरिकावर अत्याचार झाला तर शंभर स्टॅटर. ‘अपेतैरोस’वर झाला तर दहा. भूदासावर स्वतंत्र माणसाने केला तर फक्त पाच द्राख्मा, म्हणजे अडीच स्टॅटर. उलट दासाने स्वतंत्रावर केला तर दुप्पट, दोनशे. बेरीज-वजाबाकी वाचकांनीच करावी. या यादीतला ‘अपेतैरोस’ कोण? तो गुलाम नव्हता, स्वतंत्रच होता. पण नागरिकांच्या सहभोजनाच्या मंडळात त्याला जागा नव्हती. आपल्या भाषेत सांगायचे तर पंगतीबाहेरचा. पंगतीबाहेर बसलेल्या माणसाच्या अब्रूची किंमत एकदशांश! २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला गेला, त्यातही वर्णानुसार दंड कमी-जास्त होतो. दोन्ही ठिकाणची मनोवृत्ती एकच.

तरीही फरक सांगितला पाहिजे. गोर्टिनच्या भिंतीवर सुटकेची वाट होती. दास जर स्वतंत्र स्त्रीच्या घरी नांदायला गेला तर त्यांची मुले स्वतंत्र ठरत; ती त्याच्या घरी गेली तर मुले दास. म्हणजे संकर हे पाप नव्हते, राहते घर कोणाचे एवढाच प्रश्न होता. आणखी एक गोष्ट : मुलाला दोन वाटे तर मुलीला एक वाटा, पण वाटा निश्चित. घटस्फोट झाला तर बाई स्वतःची मालमत्ता, तिच्या उत्पन्नाचा अर्धा भाग आणि स्वतः विणलेल्या कापडाचा अर्धा भाग घेऊन निघे. स्त्रीच्या याच हक्कांच्या प्रश्नावर, हिंदू कोड बिल अडवले गेले तेव्हा, बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले होते. पाचव्या शतकातल्या त्या दगडी भिंतीपुढे उभे राहून हे आठवल्याशिवाय राहणार नाही.

नंतर रोमन आले, अरब आले, व्हेनिसचे व्यापारी आले. १६६९ मध्ये एकवीस वर्षांच्या वेढ्यानंतर कांदिया, म्हणजे आजचे इराक्लियो शहर, तुर्कांनी घेतले. १८९८ मध्ये बेट स्वायत्त झाले आणि १९१३ मध्ये ग्रीसमध्ये सामील झाले. १९४१ मध्ये जर्मन छत्रीधारी सैन्य उतरले, तेव्हा गावकऱ्यांनी मिळेल ते हत्यार घेऊन त्याच्याशी झुंज दिली. त्याची किंमत म्हणून कांदानोससारखी गावे जाळून बेचिराख करण्यात आली.

आता बेटाशेजारच्या बेटाकडे वळू. इराक्लियोच्या तटाबाहेर कुष्ठरोग्यांची एक वस्ती होती, मेस्किनिया नावाची. भिक्षेवर जगणारे हे लोक शहराच्या नजरेला नकोसे झाले. १९०३ मध्ये क्रीटच्या सरकारने ठरवले की त्यांना स्पिनालोंगा या लहानशा बेटावर ठेवायचे. व्हेनिसच्या लोकांनी १५७९ मध्ये तेथे किल्ला बांधला होता, पुढे तुर्की वस्ती झाली होती. १९०४ पासून रोगी नेले जाऊ लागले, नंतर ग्रीसच्या इतर भागांतूनही. आपल्याकडे इंग्रज सरकारचा ‘लेपर्स ॲक्ट’ १८९८ चा. तोही रोग्याला पकडून कोंडण्याचाच होता. तो रद्द व्हायला २०१६ साल उजाडले आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यातून निघाले २०१९ मध्ये.

स्पिनालोंगावर गोड्या पाण्याचा झरा नव्हता. पावसाचे पाणी टाक्यांत साठवायचे, बाकीचे होडीने यायचे. सरकार तुटपुंजा भत्ता देई. समोरच्या प्लाका गावचे लोक भाजीपाला विकायला येत. रोग्यांच्या हातचे पैसे निर्जंतुक करून घेतले जात. डॉक्टर अधूनमधून येई. रोग्यांना लग्नाला बंदी होती, तरी लग्ने झाली, मुले झाली.

१९३६ मध्ये तेथे एपामिनोंदास रेमुंदाकिस आला. कायद्याचा विद्यार्थी, अथेन्समध्ये आजार लपवून शिकत होता. त्याने आल्यावर रोग्यांची संघटना बांधली. नुसता अर्ज-विनंत्यांचा कागद नव्हे. घरांना चुना लागला, रस्ते साफ झाले, कॉफीचे दुकान, न्हाव्याचे दुकान, शाळा, नाटके, जनरेटरची वीज आली. ज्यांना मरायला आणून टाकले होते त्यांनी तेथे गाव वसवले. हे दयाबुद्धीच्या पुढाऱ्याने केलेले काम नव्हे. पीडितांनी स्वतः एकजूट करून केले. तथागतांनी राजगृहात सुप्पबुद्ध कुष्ठरोग्याला धम्म सांगितला, ती कथा बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मुद्दाम घेतली. गर्दी पाहून अन्न मिळेल म्हणून आलेला तो माणूस एका बाजूला बसून ऐकत राहिला आणि त्याला बोध झाला.

१९४० च्या दशकात सल्फोन औषधे आली आणि कुष्ठरोग बरा होऊ लागला. १९५७ मध्ये वसाहत बंद झाली. उरलेल्या रोग्यांना अथेन्सच्या रुग्णालयात हलवले. रेमुंदाकिसची दृष्टी गेली होती. १९७३ च्या एका फ्रेंच माहितीपटात तो कॅमेऱ्यासमोर बसून निरोगी जगालाच जाब विचारतो. १९७८ मध्ये तो वारला. बेटावरचा धर्मगुरू मात्र मृतांची स्मृतिप्रार्थना करण्यासाठी १९६२ पर्यंत तेथे राहिला होता.

आता एलुंदा आणि प्लाका येथून होड्या भरभरून स्पिनालोंगाला जातात. २००५ मध्ये व्हिक्टोरिया हिस्लॉप या लेखिकेची कादंबरी गाजली, तेव्हापासून गर्दी फारच वाढली. जायचे तर सकाळी लवकर जावे. सावली कमी आहे, पाणी बरोबर घ्यावे. रोगी ज्या बोगद्यासारख्या दारातून आत जात, त्याच दारातून आजही आत जाता येते. दुकानांची रांग, कपडे धुण्याची जागा, पाण्याच्या टाक्या पाहून तटावर चढावे. तेथून समोर प्लाका गाव दिसते. मधले पाणी एक किलोमीटरही नाही. गावातली माणसे किनाऱ्यावर ये-जा करताना दिसतात, बोटीचा भोंगा ऐकू येतो. रोग्यांना ते सारे अर्धे शतक रोज दिसत होते.