अस्थिसंख्येचा पाठ

भोर-वेल्ह्याकडील जुन्या वाड्यांतून वैद्यकाची पोथी हातीं आल्यास शारीरस्थानांतील अस्थिसंख्या प्रथम पाहावी, अशी संग्राहकांस आमची विनंती आहे. चरकमतें अस्थी ३६०. त्यांत ३२ दांत, ३२ दंतोलूखलें व २० नखेंही आलीं. याज्ञवल्क्यस्मृतींतही हाच आंकडा असल्यानें धर्मशास्त्राचें बाडही सोडूं नये. सुश्रुत शल्यतंत्रानुसार ३०० सांगतो : शाखांत १२०, मध्यशरीरांत ११७, मानेवर ६३. बेरीज न जुळल्यास लेखकप्रमादाची शंका घ्यावी. आधुनिक गणना प्रौढाचीं हाडें २०६ मानते. दांत, नखें व तरुणास्थी ती धरीत नाहीं. म्हणून कोणी उत्साहानें पोथी ‘सुधारूं’ नये. ३६० खोडून ३०० केलेले आढळल्यास ती खाडाखोडही जशीच्या तशी उतरून घ्यावी. पोथी कोणत्या संप्रदायांत वाचली गेली, हें तिच्यावरूनच कळण्याचा संभव असतो.