वाडीतलं मुठेल

यंदा आमच्या वाडीत कुणीच मुठेल, म्हणजे रातांब्याच्या (कोकमाच्या) बियांचं तेल, काढलं नाही. बिया वाळल्या, पोत्यांत भरल्या आणि व्यापाऱ्याच्या टेम्पोतून गेल्या. मुंबईतल्या दुकानांत मात्र डब्यांवर ‘कोकम बटर’ ठळक झळकतंय. हे मला फार लागलं.

  ऐंशीच्या दशकात मुठेल कसं काढत, ते मी डोळ्यांनी पाहिलं. वैशाखात आमसुलांसाठी सालं उन्हात पडली की बिया म्हाताऱ्यांकडे जात. कवच फोडायचं, आतला गर उखळात कुटायचा, पाण्यात उकळायचा, रात्रभर निवू द्यायचा. सकाळी वर साकळलेलं तेल काढून, वितळवून, गाळून मुठीत दाबलं की फिकट पिवळसर गोळा तयार. लावणीत दिवसदिवस चिखलात उभ्या राहिलेल्या बायका रात्री पायाच्या बोटांमध्ये तेच चोळत. थंडीत टाचांना भेगा पडल्या की गोळा दिव्यावर धरायचा आणि थेंब भेगेत सोडायचा. या तेलात निम्म्याहून अधिक स्टिअरिक आम्ल, म्हणून ते घरात घट्ट राहतं, अंगाच्या उबेला मऊ होतं आणि कातडीतलं पाणी उडू न देणारा थर देतं. आमच्या आज्यांना हे शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, तरी उपाय अचूक होता.

1991 नंतर टीव्हीवर लोशनं आली आणि मुठेलाला धुराचा वास येतो म्हणून शहरातल्या नातेवाइकांनी नाकं मुरडली. सुनांनी गोळे फडताळात मागे सारले. तो अपमान मी विसरलेलो नाही. 2000 साली युरोपीय संघाने चॉकलेटमध्ये कोकोच्या जोडीला चालणाऱ्या सहा वनस्पती चरबींच्या यादीत कोकम घातलं. आमच्या वाडीला त्याचा पत्ताही नव्हता.

आज कारखान्यांत बरंचसं तेल द्रावकाने काढतात, मग रंग आणि वासही काढून टाकतात. त्यानेही त्वचा मऊ राहते, हे मान्य. पण 1 टक्क्याहून कमी असलेले घटक यादीत कुठल्याही क्रमाने छापता येतात, त्यामुळे डबीवरच्या ठळक नावावरून आत कोकम किती, हे कळत नाही. ते प्रमाण डबीवर छापा. बी कुठल्या गावची आणि तिला किलोमागे काय भाव दिला, तेही छापा.